बिल नसलेला एसी

"बिल आहे का?" मी विचारलं.

अंगणात ओल्या गोणपाटाखाली एसी झाकून ठेवला होता. बाईनं गोणपाट बाजूला ओढलं. इनडोअर, आउटडोअर, दोन्ही होते. खोकं नव्हतं. रिमोट दुधाच्या पिशवीत गुंडाळून तिनं हातात घट्ट धरला होता.

"बिल, ताई. दुकानातून घेतल्याची पावती."

"दुकानातून नाही घेतला."

"मग कुठून?"

"घेतला एका ठिकाणून. तुम्ही बसवून द्या ना भाऊ. आजच्या आज. फोनवर तुम्ही हो म्हणाले होते."

फोनवर मी हो म्हणालो होतो, हे खरं. स्प्लिट बसवायचा आहे, एवढंच तिनं सांगितलं होतं. घर असं असेल, मशीन असं असेल, हे मला काय माहीत.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. मे महिना होता. तापीकाठच्या आमच्या गावात पारा सेहेचाळीसवर गेला होता. सकाळचे दहा वाजले होते आणि पान्याला हात लावला तर चटका बसत होता. घर रुळांच्या पलीकडे, वस्तीच्या शेवटी. दोन खोल्या, वर पत्रा. बाई पंचवीस-सव्वीसची. नाव भारती सुरवाडे. नवरा ठेकेदाराकडे रुळांच्या कामावर. अशा घरात माणूस आधी कूलर आणतो. एसी आणत नाही.

माझं नाव मुकुंद नेहेते. त्या दिवसाच्या दोन वर्षं आधी मी एका गृहस्थाकडे दोन एसी बसवून दिले होते. ते चोरीचे निघाले. गृहस्थ सुटले आणि मला दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं. माझी आई दारात येऊन उभी राहायची, डबा घेऊन, आणि जाणारा-येणारा तिच्याकडे बघायचा. सुटलो तेव्हा भामरे हवालदार म्हणाले होते, "नेहेते, परत असा बिनबिलाचा माल दिसला तर आधी मला फोन करायचा. तरच मी तुला चांगला माणूस समजेन."

तेव्हापासून मी बिल बघितल्याशिवाय पान्याला हात लावत नसे.

मी आउटडोअरपाशी उकिडवा बसलो. मागच्या बाजूला कंपनीचं स्टिकर असतं, त्यावर मशीनचा नंबर असतो. ते गेलेलं होतं. नुसते गोंदाचे पिवळे डाग.

"हे कोणी खरवडलं?"

"मला नाही माहीत. आणलं तेव्हा असंच होतं."

दहा-बारा वर्षं गच्चीवर उन्हात असलेल्या मशीनचं स्टिकर आपोआप उडतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. शंभर वेळा पाहिलं होतं. पण त्या दिवशी मला ते खरवडलेलंच दिसलं.

"बरं, बसवायचा कुठे? खोली दाखवा."

ती दारात आडवी उभी राहिली. "आधी बाहेरचं काम करा ना. आतलं मी सांगते नंतर."

"ताई, भिंत बघितल्याशिवाय बाहेरचं काम कसं होईल?"

ती हलली नाही. तिच्या मागे दार अर्धवट उघडं होतं. आतल्या खिडकीवर ओली गोणपाटं टांगलेली, जमिनीवर पाणी. अंधारच होता. आत काहीतरी हललं. छोटं. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं. डोक्यावर केस नसल्यासारखे. मी नीट बघायला वाकलो तशी तिनं मागच्या मागे दार ओढून घेतलं.

"फोटो नाही काढायचा," ती म्हणाली. माझ्या हातात मोबाईल होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"मी कशाला फोटो काढू?"

"काढतात लोक."

एवढंच बोलली. तिच्या नजरेत आता माझ्याबद्दल तेच होतं जे माझ्या नजरेत तिच्याबद्दल होतं.

मी म्हटलं, "बिलाशिवाय मी बसवत नाही. ज्यांच्याकडून आणला त्यांचं नाव सांगा, मी त्यांना फोन करतो, खात्री करतो, लगेच कामाला लागतो."

"नाव नाही सांगता येणार."

"का?"

"शब्द दिलाय."

चोरही असंच म्हणतो, असं माझ्या मनात आलं. मी पिशवी उचलली. ती माझ्यामागे अंगणाच्या टोकापर्यंत आली. "भाऊ, दुसरा कोणी मिळत नाहीये आज. सगळे म्हणतात चार दिवस थांबा. माझ्याकडे चार दिवस नाहीत."

"चार दिवसांत कोणी मरत नाही ताई, एसीवाचून," मी म्हणालो.

मी गाडीकडे वळलो.

शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी सुपात लसूण सोलत बसली होती. सिंधूबाई तिचं नाव, ते नंतर कळलं. तिनं मला हातानं जवळ बोलावलं.

"मिस्त्री, मशीन बसवायले आले का?"

"आलो होतो. नाही बसवत."

"बरं केलं. त्या घरात काहीतरी येगळंच हाये, भाऊ." तिनं आवाज खाली आणला. "सहा महिने झाले राह्यले येऊन. पोरीले कधी बाहेर काढत नाही. दिवसभर दार लाऊन राहते. मी एकदाच पाह्यली पोरगी. दात पाह्यले तिचे? दोनच. खिळ्यासारके. आन् बाई दिवसातून वीस बादल्या पानी ओतते घरात. कशापायी?"

"एसी कधी आला?"

"काल. हातगाडीवर. वरून चादर टाकेल होती."

गाडी सुरू करून मी कोपऱ्यापर्यंत गेलो आणि थांबलो. भामरेंचा नंबर माझ्याकडे होता. खरं सांगायचं तर मला तेव्हा त्या बाईची चीड वगैरे आली नव्हती. मला भीती वाटत होती. उद्या हे मशीन कुठल्या चोरीतलं निघालं आणि कोणी म्हणालं, नेहेते सकाळी तिथे आला होता, तर? आणि भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं. हवालदारानं मला चांगला माणूस समजावं, असं मला वाटत होतं.

फोन लावला. पत्ता सांगितला. "बाई नाव सांगत नाही," म्हणालो. "स्टिकर खरवडलेलं आहे."

"शाब्बास," भामरे म्हणाले.

दुपारभर मी बाजारपेठेतल्या एका सराफाच्या दुकानात एसी धूत होतो. फिल्टरमधून काळं पाणी निघत होतं. सराफानं थंड ताक पाजलं. मला बरं वाटत होतं.

साडेतीनला भामरेंचा फोन आला. आवाज सकाळसारखा नव्हता.

"नेहेते, चौकीत ये. लगेच."

"जबाब द्यायचा का साहेब?"

"ये तू आधी."

चौकीच्या आवारात तो एसी ठेवला होता, झाडाखाली. आत भामरे टोपी काढून बसले होते आणि त्यांच्यासमोर साठी ओलांडलेल्या एक बाई उभ्या होत्या. पांढरी साडी, पायात काळे बूट, ब्लाऊज घामानं पाठीला चिकटलेला. त्या बोलत होत्या आणि भामरे ऐकत होते. भामरेंना असं ऐकताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्या भिंतीवरचा आहे तो," बाई म्हणाल्या. "माझ्या बेडरूमच्या. बारा वर्षं होता. मार्था वाघमारे माझं नाव. अडतीस वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केली या गावात. तुमचा पंचनामा करायचा तर माझ्या भिंतीचा करा, भोक आहे तिथे अजून."

"सिस्टर, तिनं तुमचं नाव सांगितलं असतं तर..."

"मीच सांगू नको म्हटलं होतं. मुलानं बसवून दिलेला. त्याला कळलं तर रागावेल, म्हणून म्हटलं, भारती, माझं नाव कुठे घेऊ नकोस. मला काय माहीत की ती पोलिसांसमोरही घेणार नाही!"

भामरेंनी माझ्याकडे बघितलं. मग सिस्टरांनीही.

"हा कोण?"

"मेकॅनिक," भामरे म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "यानंच फोन केला होता."

सिस्टर माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, मारतात.

"त्या पोरीला घाम येत नाही," त्या म्हणाल्या. "समजतं का? जन्मापासून. अंगात घामाच्या ग्रंथीच नाहीत. केस नाहीत, दात नाहीत, ते सगळं त्यातलंच. तुझं-माझं अंग तापलं की घाम येतो आणि निवतं. तिचं तापतच जातं. म्हणून ती बाई दिवसभर तिला ओल्या कापडात ठेवते. म्हणून दार बंद. बाहेर काढली की लोक दात बघायला जमतात. आधीच्या घरमालकानं, काहीतरी लागण आहे म्हणून, घर खाली करायला लावलं."

मी विचारलं, "आता कुठे आहे ती?"

भामरे टेबलाकडे बघत बोलले. "चौकशीला बोलावलं होतं. टेंपोत मशीन घातलं, बाईला म्हटलं, बस. पोरीला कुठे ठेवणार, तिला घेऊन आली. ओल्या टॉवेलात. म्हणत होती, साहेब, हिला ऊन सहन होत नाही. मी म्हटलं, इथं कोणाला होतं?" ते थांबले. "टेंपोतच टॉवेल वाळला असेल. इथे अर्धा तास बसली. मग आकडी आली पोरीला. रिक्षानं दवाखान्यात पाठवली."

"एकशे सहा ताप होता," सिस्टर म्हणाल्या. "भारतीचा फोन आला तशी गेले, आत्ता तिथूनच येतेय मी. बर्फात ठेवलंय."

मी भिंतीला टेकलो. सकाळी अंगणात मी काय बोललो होतो ते माझं मलाच ऐकू येत होतं.

"खाली बसू नकोस," सिस्टर म्हणाल्या. "मशीन उचल. पोरगी वाचली तर तिला त्या पत्र्याखाली परत न्यायची नाही मी, ते चालू झाल्याशिवाय. फोन कोणी केला ते भारतीला सांगायचं का, ते तुझं तू ठरव."

दवाखान्यात भारती मुलांच्या वॉर्डाबाहेर बाकावर बसली होती. शेजारी तिचा नवरा विलास. कामावरून तसाच आला होता, खडीची धूळ अंगावर. पोरीची आकडी थांबली होती, ताप उतरत होता. डॉक्टर रात्रभर बघू म्हणाले होते.

मला बघून भारती उभी राहिली.

"एसी सुटला आहे चौकीतून," मी म्हणालो. "सिस्टर भेटल्या. मी आत्ताच्या आत्ता बसवून देतो. घराची चावी द्या."

"चावी कशाला?"

"भिंतीला भोक पाडावं लागेल, मीटरपासून वेगळी वायर ओढावी लागेल. तीन तास तरी लागतील. तुम्ही इथेच थांबा."

ती माझ्याकडे बघत राहिली. सकाळी बिल मागणारा हा माणूस आता न मागता काम करायला आलाय, याचा तिला अर्थ लागत नव्हता. विलास म्हणाला, "दे ना चावी."

"नाही," ती म्हणाली. "मी येते. यांना एकटं नाही सोडायचं घरात. तुम्ही यशूपाशी बसा."

म्हणजे पोरीला सोडून ती आली. माझ्यावर नजर ठेवायला.

पाच वाजता मी कामाला लागलो. ती आतल्या खोलीत दाराला टेकून उभी राहिली. मी छिन्नीनं भोक पाडलं, ती बघत होती. तांब्याची पाइप वाकवली, ती बघत होती. पाना खाली ठेवला की पान्याकडे, उचलला की माझ्या हाताकडे. खोलीत एक पत्र्याची पेटी होती. मी तिच्याजवळून गेलो की ती एक पाऊल पुढे यायची. तीन वेळा दवाखान्यातून सिस्टरांचा फोन आला. तिसऱ्या वेळेला ती फोनवर नुसतंच "हं, हं" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिली. पोरगीनं पाणी मागितलं होतं.

मीटरवर वेगळी कळ बसवली. पाइपमधली हवा पंपानं ओढून घेतली, गॅस सोडला. दिवेलागणीच्या सुमाराला मी रिमोट मागितला. तिनं दुधाची पिशवी सोडून तो माझ्या हातात दिला. मशीननं तोंड उघडलं, जरा वेळ नुसता वारा आला, मग बाहेर कॉम्प्रेसर लागला. पाच-सहा मिनिटांत खोलीतली हवा बदलली. पत्रा वरून तापलेलाच होता, पण खाली उभ्या माणसाला श्वास घेता यायला लागला.

भारती त्या वाऱ्याखाली जाऊन उभी राहिली. चेहरा वर केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"पोलिसांना कोणी सांगितलं, तुम्हाला माहीत आहे का?"

सिस्टरांनी तिला सांगितलेलं नव्हतं. भामरे सांगणार नव्हते. मी पाने पिशवीत भरत होतो. "नाही" म्हणून निघून जाता आलं असतं. दारातून तिकडे शेजारचा ओटा दिसत होता.

"मी सांगितलं," मी म्हणालो.

तिनं मान वळवली. मला वाटलं, ओरडेल. हातात रिमोट होता, तो फेकून मारेल असंही वाटलं.

"तुम्ही?"

"हो. सकाळी, इथून निघाल्यावर. कोपऱ्यावरून."

तिनं रिमोट पेटीवर ठेवला.

"मला वाटलं सिंधूबाईंनी," ती म्हणाली. "टेंपो दारात आला तेव्हा मी त्यांच्या ओट्यावर जाऊन नाही नाही ते बोलले. त्यांचा मुलगा अपघातात गेला, त्यावरून पण बोलले. तुझ्या करणीनंच गेला म्हटलं." तिनं पदर तोंडाला लावला. "त्या नुसत्या बघत राहिल्या."

आणि ती मला तिथेच सोडून बाहेर पडली. पायात चप्पल न घालता. शेजारच्या ओट्यावर चढली आणि दाराची कडी वाजवू लागली.

मशीन अर्धा तास चालवून बघायचं असतं, म्हणून मला जाता येईना. पण त्या थंड खोलीत बसायचीही माझी हिंमत झाली नाही. बाहेर येऊन मी पायरीवर बसलो. दगड अजून गरम होता. शेजारून आधी सिंधूबाईंचा चढलेला आवाज आला, मग भारतीचा.

दोघी आल्या तेव्हा अंधार पडला होता. सिंधूबाई माझ्या अंगावरून आत गेली. खोलीत उभी राहिली, इकडेतिकडे बघितलं, खिडकीवरच्या गोणपाटाला हात लावला.

"घाम येत नाही म्हनजे अजिबातच नाही?" तिनं विचारलं.

"अजिबात नाही, मावशी."

"आन् मी मेली सहा महिने दात मोजत बसली," म्हातारी म्हणाली आणि तिथेच फरशीवर बसली.

पोरगी तिसऱ्या दिवशी घरी आली. आकडीमुळे डाव्या हाताची पकड थोडी कमी झाली, ती आजतागायत तशीच आहे. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर निभावलं हे नशीब. मी ते नशीब म्हणत नाही. तो हात मी दर वर्षी बघतो. कारण दर मार्चला त्यांचा एसी धुवायला मीच जातो. भारतीताई दुसऱ्या कोणाला बोलावत नाही. मात्र काम संपेपर्यंत ती माझ्या मागे उभी असते. अकरा वर्षांत एकदाही बसली नाही.

यशोधरा आता पंधराची आहे. कवळी बसवली आहे, टोपी घालते, बोलायला तिखट. सिस्टर मार्था गेल्या वर्षी वारल्या. या मार्चमध्ये मी फिल्टर काढत होतो, तेव्हा यशूनं विचारलं,

"आई, तू काकांच्या मागे अशी का उभी राहतेस गं दर वेळेला?"

भारतीताईनं माझ्याकडे बघितलं. "त्यांनाच विचार," म्हणाली.

मी फिल्टर खाली ठेवला आणि सांगितलं. बिलापासून सगळं. कोपऱ्यावरचा फोनही. यशू डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं दाबत राहिली. माझं सांगून झालं तेव्हा मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढेल, आणि काढलं असतं तर मी गेलो असतो.

"मग सिस्टर आजींनी त्यांच्या भिंतीवर नंतर काय लावलं?" तिनं विचारलं.

"काही नाही. मी गेलो होतो त्यांच्याकडे. माझ्याकडे एक जुना एसी होता, चांगला दुरुस्त करून ठेवलेला. म्हटलं, सिस्टर, तुमच्या खोलीत बसवून देतो."

"मग?"

"जूनचे दिवस होते. पंख्याखाली बसून तांदूळ निवडत होत्या. पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, मला कशाला रे? मला घाम येतो की."